मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांना बिलिंग सॉफ्टवेअर विकतो; यूएसबी डोंगल (जो संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असं छोटं उपकरण) लावला तर कॉप्या थांबतील का?

पेन ड्राइव्हवरून होणारी सर्रास कॉपी थांबेल, पण प्रोग्रॅम सुरू होताना फक्त 'डोंगल आहे का?' एवढंच विचारत असाल तर जाणकार माणूस ती एक तपासणी काढून टाकेल आणि डोंगल शोभेचा उरेल. अशी संरक्षण तुटलेली सॉफ्टवेअर दुरुस्त करण्याचं कामच मी करतो, त्यात बहुतेक वेळा चूक हीच असते. डोंगलच्या चिपमध्ये गुप्त किल्ली असते आणि ती बाहेर येत नाही. तिचा उपयोग करून घ्या. जीएसटी हिशेबाचा किंवा बिल छापण्याचा कोड एन्क्रिप्ट करून (त्या किल्लीने कुलूपबंद करून) ठेवा आणि तो डोंगलकडूनच उलगडून घ्या. दर वेळी डोंगलला वेगळा आकडा पाठवून उत्तर तपासा, म्हणजे जुनं उत्तर रेकॉर्ड करून खपवता येणार नाही. थेल्स कंपनीच्या सेंटिनेल किंवा विबू कंपनीच्या कोडमीटर या डोंगलसोबत यासाठी तयार साधनं मिळतात, स्वतः लिहीत बसू नका. (जीमेलच्या लॉगिनसाठी मिळणारी फिडो की वेगळी, ती घेऊन येऊ नका!) कायदाही तुमच्या बाजूने आहे: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ प्रमाणे, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र डोंगल हरवतात. ऐन दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाइकाचं बिलिंग बंद पडलं तर शिव्या तुम्हालाच, तेव्हा १५ दिवसांचं तात्पुरतं लायसन्स देण्याची सोय आधीच ठेवा.