नवं ग्लो इंजिन: पहिल्या टाक्या कशा चालवाव्यात?

रेडिओ कंट्रोल विमानांबद्दल आलेल्या पत्रांपैकी ग्लो इंजिनांवरचे (तापलेल्या तारेच्या प्लगने मिथेनॉल पेटवणाऱ्या छोट्या इंजिनांवरचे) प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (रत्नागिरी): ४६ साइजचं (०.४६ घनइंच) नवं एबीसी इंजिन घेतलं आहे. पंखा हाताने फिरवला की पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकतो. आतून काही बिघडलं असेल का? आणि पहिल्या दोन टाक्या अगदी रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), तेल ओकत चालवाव्यात असं सगळे सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर: बिघाड काही नाही. एबीसी इंजिनात पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) पितळेचा, आतून क्रोम चढवलेला असतो. लायनर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता ठेवतात. इंजिन तापलं की पितळ अॅल्युमिनियमच्या पिस्टनपेक्षा जास्त मोकळं होतं आणि दोघांचं माप नेमकं जुळतं. थंड असताना ते अडकणारच. मात्र अडकलेला पिस्टन पान्याने जोर लावून फिरवू नका, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. हेअर ड्रायरने सिलिंडर हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवा, मग फिरवा. पहिल्या स्टार्टच्या आधीही हेच करा.

अगदी रिच चालवण्याचा सल्ला जुन्या रिंगवाल्या इंजिनांसाठी योग्य आहे. तिथे बिडाची रिंग लायनरवर हळूहळू बसवायची असते, म्हणून पहिल्या टाक्या फोर-स्ट्रोक आवाजात (रिच मिश्रणाची गुरगुर), थंड चालवतात. एबीसी तसं चालवलं तर लायनर मोकळा होतच नाही. पिस्टन दर फेरीला त्या निमुळत्या भागात घासतो आणि ज्या घट्टपणावर पुढची कित्येक वर्षं कॉम्प्रेशन टिकायचं, तोच पहिल्या अर्ध्या तासात झिजतो. चांगली इंजिनं अशा काळजीपोटी खराब होतात, म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं.

पद्धत अशी. इंजिन जाड लाकडी स्टँडवर चार बोल्टनी पक्कं कसा. पंखा १०×६ किंवा ११×५, म्हणजे नेहमीच्या ११×६ पेक्षा हलका, आणि नीट बॅलन्स केलेला. टाकीची मध्यरेषा नीडलच्या (इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूच्या) पातळीत किंवा फार तर १ सेंमी खाली. मफलरची प्रेशर नळी टाकीला जोडलेली हवी. नीडल माहितीपत्रकात सांगितलेले फेरे उघडा. तसं काही दिलेलं नसेल तर अडीच. थ्रॉटल पूर्ण उघडून कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवा आणि इंधन नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत येईतो पंखा फिरवा, मग आणखी दोन फेरे. आता थ्रॉटल पावच्या आसपास आणा, दीड व्होल्टच्या आतला इग्नायटर (प्लग तापवणारी बॅटरी) लावा आणि रबरी नळी चढवलेल्या काठीने पंख्याला झटका द्या, बोटाने कधीही नाही. स्टार्टर वापरायचा असेल तर आधी इग्नायटर काढून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. आत इंधन साचलं असेल तर पंखा मध्येच ठाम थांबतो. अशा वेळी स्टार्टर लावला तर रॉड वाकतो. प्लग काढून इंधन बाहेर काढा.

इंजिन लागलं की पंख्याच्या मागे उभं राहून पूर्ण थ्रॉटल द्या, इग्नायटर काढा आणि नीडल हळूहळू बंद करत जा. गुरगुरणारा फोर-स्ट्रोक आवाज मधूनमधून फुटून स्वच्छ टू-स्ट्रोक होतो, पुन्हा गुरगुरतो, तिथेच ठेवा. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. तापणं आणि थंड होणं, या आवर्तनांनीच भाग एकमेकांना सरावतात. अशा पाच-सहा फेऱ्यांनंतर पाच-दहा सेकंदांपुरतं पूर्ण टू-स्ट्रोकवर न्या, परत रिच करा; हा काळ वाढवत चला. पूर्ण वेगाला आवाज न ढळता स्थिर राहिला की इंजिन उडायला तयार. साधारण अर्धा तास धरा. सुरुवातीची उड्डाणं तरीही थोडी रिचच करा.

स्टँड वाळूवर मांडू नका. पंख्याच्या झोताने उडालेली वाळू थेट कार्ब्युरेटरमध्ये जाते. सड्यावर जांभ्याची लाल धूळ असते, तिथे खाली ताडपत्री अंथरा. खारे वारे सुरू होण्याआधीची सकाळ या कामाला उत्तम.

प्रश्न (दापोली): नायट्रो (नायट्रोमिथेन) मिळत नाही. घरी मिसळलेलं इंधन चालेल का? माझं मिश्रण गढूळ होतं.

उत्तर: चालेल. ८०० मिली मिथेनॉल आणि २०० मिली एरंडेल. जरा गरम प्रकारचा प्लग लावा. आयडल (मंद वेगाने चालणं) थोडं अवघड होईल, एवढंच. नायट्रो मिळालं तर मिथेनॉल ७५०, तेल २००, नायट्रो ५०. त्या तेलात नव्या इंजिनासाठी निम्मं तरी एरंडेल असावं, कारण इंजिन जास्त तापलं तरी ते पृष्ठभाग सोडत नाही.

गढूळपणाची कारणं दोन. एक, एरंडेलात दुसरं खाद्यतेल मिसळलेलं आहे. एरंडेल मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळतं, इतर तेलं तळाशी बसतात. दुसरं, मिथेनॉलने हवेतलं पाणी शोषलं आहे. कोकणात दुसरीच शक्यता मोठी. डबा छोटा आणि काठोकाठ भरलेला ठेवा, झाकण लगेच लावा, टाकीत उरलेलं इंधन परत डब्यात ओतू नका. मिथेनॉल विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून हातमोजे घाला आणि उघड्यावर मिसळा. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. बादलीभर पाणी जवळ असू द्या.

प्रश्न (अलिबाग): ग्लो इंजिनात पेट्रोल टाकलं तर?

उत्तर: चालणार नाही. प्लगची प्लॅटिनमयुक्त तार बॅटरी काढल्यावरही लाल राहते ती मिथेनॉलच्या तिच्यावरच्या रासायनिक क्रियेमुळे. पेट्रोलने ते होत नाही, शिवाय सिलिकॉनची नळी फुगून निकामी होते.

प्रश्न (मालवण): जमिनीवर इंजिन छान चालतं, विमान चढायला लागलं की बंद पडतं.

उत्तर: नीडल लीन आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय. विमान चढताना टाकी नीडलच्या खाली जाते आणि मिश्रण आणखी लीन होतं. पूर्ण थ्रॉटलला इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबा. वेग आधी वाढून मग पडला तर मिश्रण पुरेसं रिच आहे. लगेच पडला तर लीन. सर्वांत जास्त वेग मिळतो तिथून नीडल थोडी उघडा, वेग २००–३०० आरपीएमने उतरू द्या. मग विमान घट्ट धरून नाक वर करा. आवाज किंचित चढला पाहिजे. तरीही बंद पडत असेल तर नळीत बुडबुडे दिसतात का पाहा: टाकीभोवती स्पंज नसेल तर इंधन फेसाळतं, नाहीतर नळीला बारीक भोक असतं. बॅकप्लेटचे (इंजिनाच्या मागच्या झाकणाचे) स्क्रू ढिले असले तरी हवा शिरते.

प्रश्न (गुहागर): पावसाळ्यानंतर काढलं तर इंजिन फिरतच नाही.

उत्तर: एरंडेल चिकटलं आहे. ड्रायरने तापवा, प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून इंधनाचे थेंब सोडा, तासाभराने हळू फिरवा. सुटल्यावर खरखर आली तर बेअरिंग गंजलेली आहेत, बदलावीच लागतील. क्रँककेस रिकामी करून १५० अंशांपर्यंत तापवली आणि लाकडावर आपटली की मागचं मोठं बेअरिंग सहसा गळून पडतं. त्याच्या कडेवरचा नंबर दुकानात दाखवा.

यापुढे दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की इंधनाची नळी दाबून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा आणि टाकी रिकामी करा. एअर टूल्सचं पातळ तेल कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात पाच-सहा थेंब घालून पंखा फिरवा. पिस्टन खाली आणून ठेवा, म्हणजे निमुळत्या भागात अडकून राहणार नाही. तेव्हा एक्झॉस्टचं तोंड उघडं राहतं, त्यात तेलाचं फडकं कोंबा. जूनआधी इंजिन विमानातून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात मधूनमधून डबा उघडून दोन फेरे फिरवत जा.