आधी सेकंद मोज

पुणे, आषाढ

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. 30 मुलं, 12 आठवडे सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदना मुलाला नीट हाताळता याव्यात म्हणून खेळातून द्यायची थेरपी), आधी एक प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, शेवटी टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी). आणि शीर्षकात 'परिणामकारकता'. हा शब्द एवढ्याशा पायावर उभा राहायचा नाही. तुलनेचा गट नाही, त्यामुळे मूल थेरपीनं सुधारलं की नुसतं 3 महिन्यांनी मोठं झालं, हे सांगता येणार नाही. शिवाय पालक मुलाला घेऊन येतात ते त्रास अगदी टोकाला गेल्यावर. तिथून थोडा उतार काही न करताही पडतो.

त्यात पंचांगही पाहिलेलं दिसत नाही. तुझी दुसरी प्रश्नावली नेमकी भाद्रपदात येते. त्याआधी कित्येक आठवडे नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव, मग मंडळांचे स्पीकर. आवाजाला बिचकणाऱ्या मुलाची नोंद तेव्हा बिघडणारच, थेरपी कितीही चांगली असो. पुण्यात असं काम दिवाळी आणि शाळांची गॅदरिंग उरकल्यावर, जानेवारीत सुरू करावं.

30 ऐवजी 4 मुलं घे आणि मल्टिपल बेसलाईन कर, म्हणजे थेरपीआधीच्या नोंदींचा काळ प्रत्येकाला वेगळा ठेव. चौघांच्याही नोंदी एकाच दिवशी सुरू होतात, थेरपी मात्र वेगवेगळ्या दिवशी: पहिल्याची 5 नोंदींनंतर, मग 8, 11 आणि 14. कोणाची कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरव. प्रत्येकाचा आलेख त्याची थेरपी सुरू झाल्यावरच हलला, तर बोलायला जागा आहे. चौघांचेही एकदम हलले, तर कारण बाहेर शोध. किमान 3 मुलं लागतात, चौथं मधेच सोडून जाणाऱ्यासाठी.

आता मोजायचं काय? 'स्पर्शाची अतिसंवेदनशीलता' मोजता येत नाही, दात घासणं मोजता येतं. तोंडात ब्रश गेल्यापासून मूल तोंड फिरवेपर्यंत किती सेकंद? नखं कापणं हेही चांगलं ध्येय, पण ते आठवड्यातून एकदाच होतं. 14 नोंदींना 3 महिने जातील. गोल अटेनमेंट स्केलिंगच्या (ध्येय किती गाठलं त्याला -2 ते +2 गुण देण्याची पद्धत) पायऱ्या अशा लाव: -2 ला 15 सेकंद (आजची स्थिती), -1 ला 30, 0 ला 45, +1 ला 60, +2 ला 75. अंतर सारखं हवं आणि बदलणारी गोष्ट एकच. 'जास्त वेळ आणि कमी रडत' अशी पायरी लिहिलीस की वेळ वाढून रडणंही वाढल्यावर गुण काय देणार?

मोजायच्या आधी मात्र दंतवैद्याकडून दात तपासून घे. किडलेल्या दाढेला ब्रश लागून ओरडणारं मूल 'सेन्सरी' नसतं. हाकेला ओ न देणाऱ्यांची श्रवणचाचणीही तशीच आधी.

व्हिडिओ पालक काढतील. नोंदणाऱ्याला तारखा दिसू देऊ नकोस, क्लिप्स मिसळून दे. किमान 20 टक्के क्लिप्स दुसऱ्यानं स्वतंत्रपणे पाहायच्या. दोघांचं 80 टक्क्यांच्या खाली जुळलं तर दोष बहुधा व्याख्येत असतो. क्लिप्स व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नकोस. एथिक्स कमिटी ते विचारेलच, आणि 7 ते 12 वर्षांच्या मुलाची स्वतःची तोंडी संमतीही.

प्रश्नावली टाकून देऊ नकोस, मुलांची निवड आणि वर्णन यासाठी ती हवी. सेन्सरी प्रोफाईल 2 ही पालकांनी भरायची प्रश्नावली मराठीत करायची तर आधी प्रकाशकाची परवानगी. मग गोची होते ती 'बऱ्याचदा' आणि 'कधीकधी' यांत. आपल्याकडे पालक सगळ्यालाच 'कधीकधी' म्हणतात. मूळ मापनात टक्के दिले आहेत, तेच वापर: 'दहातून नऊ वेळा की पाच वेळा?' असं विचारलं की आई थांबून विचार करते.

थेरपीचं वर्णन 'झोका, बॉल पूल, ब्रशिंग' एवढ्यावर सोडू नकोस. आयर्स यांच्या मूळ सेन्सरी इंटिग्रेशन पद्धतीचा फिडेलिटी मेजर (थेरपी पद्धतीबरहुकूम होते का हे तपासणारं मापन) झोके टांगायला छतात किमान 3 हुक मागतो, एकमेकांपासून अडीच-तीन फुटांवर. भाड्याच्या फ्लॅटमधल्या सेंटरला हे अवघड आहे हे खरं, पण फॉल्स सीलिंगमध्ये हुक ठोकणं हा त्यावर उपाय नव्हे. स्लॅब इंजिनिअरला दाखव.

साहित्याच्या आढाव्यात सोयीचेच अभ्यास घेऊ नकोस. 2014 च्या अमेरिकेतल्या चाचणीत 32 स्वमग्न मुलांच्या वैयक्तिक ध्येयांत फरक दिसला. 2022 मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या सेनिटा चाचणीत 138 मुलं होती. तिथं मुख्य मापन चिडचिडेपणाचं होतं आणि त्यात नेहमीच्या सेवेपेक्षा फरक पडला नाही. दोन्ही शेजारी शेजारी मांड. मापनं वेगळी होती हे लिही, पण पळवाट म्हणून नको.

पहिल्या 5 क्लिप्स आल्या की पेनड्राईव्ह घेऊन ये. मुलानं ब्रश नुसता चावून धरला तर ते सेकंद धरायचे की नाही, हे आधी ठरवावं लागेल.