पदकानंतरची गर्दी टिकत का नाही?

प्रश्न : मी संध्याकाळी शाळकरी पोरांना भालाफेक शिकवते. 2021 ला टोकियोत नीरज चोप्राने गोल्ड मारलं तेव्हा पालक स्वतःहून विचारायला यायला लागले, आमच्या मुलाला घ्याल का म्हणून. काही महिन्यांत परत तीच जुनी मुलं उरली. पॅरिसच्या सिल्व्हरनंतरही तेच. देश जिंकला की छोटा खेळ वाढतो म्हणतात ते खरंय का नुसतंच बोलायचं? की माझंच काही चुकतंय?
– एक कोच

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये हे आधी सांगते. पदकाने माणसं मैदानापर्यंत येतात हे खरंय, पण ती थांबतात ती वेगळ्या कारणांनी, आणि ती कारणं पदकाच्या आधी तयार असावी लागतात, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

जर्मनीतल्या टेनिसचंच घ्या. 1985 ला सतरा वर्षांचा बोरिस बेकर विम्बल्डन जिंकला, 1988 ला स्टेफी ग्राफने एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम आणि वर ऑलिम्पिक गोल्ड, आणि तिथे क्लब, कोर्ट, कोच सगळं आधीपासून होतं त्यामुळे आलेल्या माणसाला खेळायला जागा मिळाली. नव्वदच्या सुरुवातीला तिथल्या टेनिस फेडरेशनचे मेंबर वीस लाखांच्या वर होते. दोघं रिटायर झाले आणि आकडा घसरत चौदा लाखांच्या आसपास आला. म्हणजे एवढी तयारी असूनही चेहरा गेला की ओहोटी लागतेच, फक्त तळाशी बरंच काही उरतं.

उलट आपली हॉकी बघा. यश काय कमी होतं का? 1975 ला वर्ल्डकप जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिम्पिक पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झालं, आपण सातवे. पोरं गवतावर खेळत होती आणि खेळ टर्फवर गेला, टर्फ टाकायचा तर खर्च प्रचंड, मग गावागावातल्या मुलाने काय करायचं! जिंकल्याचा अभिमान होता पण खेळायला जागाच नव्हती.

मला सगळ्यात आशा वाटते ती बॅडमिंटनकडे बघून. प्रकाश पदुकोण 1980 ला ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनची मानाची स्पर्धा जिंकले तेव्हा लगेच काही गल्लोगल्ली अकॅडम्या निघाल्या नाहीत. 1994 ला त्यांनी बंगळुरूत अकॅडमी काढली, गोपीचंद तिथे शिकले आणि 2001 ला ऑल इंग्लंड जिंकले, मग त्यांनी हैदराबादला स्वतःची अकॅडमी काढली आणि तिथून ऑलिम्पिकमध्ये सायनाचं 2012 चं ब्राँझ, सिंधूचं 2016 चं सिल्व्हर. जिंकणारा माणूस शिकवायला बसला म्हणून हे झालं, नुसत्या सत्कारांनी झालं नसतं. आणि बघा किती वर्षं लागली.

आता तुमच्या भाल्याकडे येते. तुम्हाला माहितीच आहे, पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा, बायकांचा 600 चा, आणि एक पोरगं फेकतंय तोवर समोरचं सगळं मैदान रिकामं हवं, बाकीच्यांनी लाइनच्या मागे उभं राहून वाट बघायची. क्रिकेटला एक बॉल आणि थोडी जागा की दहा पोरं खेळायला लागतात. इथे नवीन आलेला मुलगा तासाभरात चार-पाच वेळा फेकणार आणि बाकी वेळ उभा राहणार, तो कंटाळणारच हो, टीव्हीवर नीरजचा टोकियोतला 87.58 मीटरचा थ्रो बघून आलेला असतो ना तो! यात दोष ना त्याचा ना तुमचा.

पण पदकाचा काहीच उपयोग झाला नाही असंही समजू नका. 2023 च्या बुडापेस्ट वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये पहिल्या सहात तीन भारतीय होते, नीरज पहिला, किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. जे आधीपासून भाला फेकत होते त्यांना हे आपल्यालाही जमेल असं वाटलं, यशाचा असा परिणाम मला गर्दीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. तुमच्याकडे टिकलेल्या त्या जुन्या मुलांकडे पण असंच बघा, त्यांना जरा जास्त वेळ द्या.

आणि पुढची लाट येईल तेव्हासाठी : नव्यांना लगेच खरा भाला देऊ नका. रबरी टोकाचे हलके भाले मिळतात ते चार-सहा आणून ठेवा, सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून एकाच दिशेला एकदम फेकायचं आणि तुम्ही सांगितल्यावरच आणायला जायचं, म्हणजे वाट बघणं संपतं. जुन्या मुलांना नव्यांच्या छोट्या ग्रुपवर नेमा. आणि पहिल्या महिन्यातच आपल्याआपल्यात एक छोटी स्पर्धा घ्या, प्रत्येकाचं अंतर मोजून वहीत लिहा. मागच्या वेळेपेक्षा दोन मीटर लांब गेला हे पोराला कळलं की तो पुढच्या आठवड्यात येतो. पालकांचे नंबर घेतले असतील तर जे गळाले त्यांनाही आत्ताच एकदा फोन करून बघा, पदकाची वाट कशाला बघायची.