जमैकातील रेगे संगीताच्या चाहत्याला एकाच वर्षातील अल्बम निवडायचे असतील, तर कोणते वर्ष आणि कोणते अल्बम?

माझे उत्तर १९७७ हे आहे, आणि त्या वर्षातील चार अल्बमांपैकी मला सर्वांत प्रिय असलेला अल्बम रेगेचे सर्वांत प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांचा नसून 'काँगोज' या गायकवृंदाचा 'हार्ट ऑफ द काँगोज' हा आहे. रेगे ऐकणाऱ्या बहुतेकांची सुरुवात मार्ली यांच्यापासून होते आणि अनेकांची तेथेच संपते, म्हणून आरंभीच हे स्पष्ट केलेले बरे.

त्या वर्षाची पार्श्वभूमी समजून घेतल्याशिवाय हे संगीत पुरते उलगडत नाही. १९७६ च्या डिसेंबरमध्ये जमैकात निवडणूक होती. पंतप्रधान मायकल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा यांच्या पक्षांचे समर्थक राजधानी किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि देशात आणीबाणी लागू होती. ३ डिसेंबरला मार्ली यांच्या घरात घुसून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोनच दिवसांनी त्यांनी ठरलेला कार्यक्रम केला आणि त्यानंतर देश सोडला. लंडनमधील त्या वास्तव्यात त्यांचा 'एक्सोडस' हा अल्बम तयार झाला.

'एक्सोडस' सुरू कसा होतो, हे मुद्दाम लक्ष देऊन ऐकावे. 'नॅचरल मिस्टिक' हे पहिले गाणे एकदम सुरू होत नाही. गिटारचा ठेका दुरून कोणी चालत यावे तसा हळूहळू जवळ येतो, आणि तो कानांत पुरता भरल्यावरच गायन सुरू होते. शीर्षकगीतात बास ड्रम चारही मात्रांवर पडतो. रेगेचा नेहमीचा ठेका याच्या उलट असतो: चार मात्रांच्या आवर्तनात पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि जड ठोका तिसऱ्या मात्रेवर द्यायचा. चालत्या जमावाचे गाणे करायचे म्हणून ती रिकामी जागाच येथे भरून काढली आहे. 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ मध्ये या अल्बमला शतकातील सर्वोत्तम अल्बम ठरवले. दुसऱ्या बाजूची प्रेमगीते जगभर गाजली, तरी माझ्या मते अल्बमचे खरे बळ पहिल्या बाजूत आहे.

मार्ली यांच्या 'वेलर्स' या गटातून बाहेर पडलेले पीटर टॉश यांचा 'इक्वल राइट्स' मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच निर्धाराने उभा आहे. शांतता सगळ्यांनाच हवी असते, न्याय मागायला मात्र कोणी तयार नसते, हे शीर्षकगीतातील म्हणणे ते आवाज न चढवता मांडतात, आणि म्हणूनच ते अधिक लागते. शेवटचे गाणे थेट दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध आहे. स्लाय डनबर यांचे ड्रम आणि रॉबी शेक्सपिअर यांची बास गिटार या जोडीची ताकद जोखायची असेल, तर हा अल्बम ऐकावा.

'कल्चर' या गायकत्रयीचा 'टू सेव्हन्स क्लॅश' हा निर्माते जो गिब्ज यांच्या किंग्स्टनमधील स्टुडिओत तयार झाला. दोन सात एकमेकांवर आदळतील तेव्हा मोठी उलथापालथ होईल, असे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले जमैकन नेते मार्कस गार्वी यांचे भाकीत मानले जात असे, आणि ७ जुलै १९७७ रोजी किंग्स्टनमध्ये अनेकांनी घराबाहेर पडणे टाळले, असे सांगतात. एवढ्या भयंकर विषयावरचे गायन तितकेच उदास असेल, अशी आपली अपेक्षा असते; पण मुख्य गायक जोसेफ हिल यांचा किंचित खरखरीत आवाज आणि साथीदारांचा उत्साही कोरस यांमुळे हा अल्बम कमालीचा आनंदी वाटतो. ज्यांनी आयुष्यभर अन्याय सोसला, त्यांना उलथापालथीची भीती कमी आणि आशा अधिक वाटते, हे या सुरांतून मला प्रथम नीट कळले.

आता 'हार्ट ऑफ द काँगोज'. त्याचे निर्माते ली पेरी यांनी आपल्या घरामागे उभारलेल्या 'ब्लॅक आर्क' स्टुडिओत केवळ चार ट्रॅकचे, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे भरता येणारे, टेप रेकॉर्डर होते. नवा आवाज भरायला जागा हवी, तर आधीचे ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवावे लागत, आणि प्रत्येक वेळी मूळ आवाजावर खरखरीचा आणखी एक थर चढे. दुसऱ्या कोणी तो दोष मानला असता. पेरी यांनी मात्र त्या धुकट थरांत प्रतिध्वनी मिसळला, मध्येच गाईच्या हंबरण्यासारखा आवाज सोडला, आणि त्यातून एक आख्खे वातावरण उभे केले. 'फिशरमन' या पहिल्याच गाण्यात सेड्रिक मायटन यांचा टिपेचा आवाज, त्याखाली रॉयडेल जॉन्सन यांचा मधला स्वर आणि तळाशी वॉटी बर्नेट यांचा खर्ज असे तीन थर वेगवेगळे ऐकू येतात. विषय मासेमारी करून पोराबाळांची पोटे भरणाऱ्या माणसांचा आहे, पण बायबलमधील कोळी शिष्यांची नावे त्यात इतक्या सहजपणे येतात की पोटापाण्याचा उद्योग आणि भक्ती यांत फरकच उरत नाही. मार्ली यांचे अल्बम काढणाऱ्या 'आयलंड' या ध्वनिमुद्रण कंपनीने हा अल्बम जगापुढे आणला नाही. सुरुवातीला पेरी यांनी जमैकात काढलेल्या थोड्याशा प्रतींवरच त्याची भिस्त राहिली, आणि १९९६ मध्ये मँचेस्टरच्या 'ब्लड अँड फायर' कंपनीने तो नव्याने काढल्यावर बाहेरच्या जगाला त्याची खरी ओळख झाली. इतक्या उंचीचे काम जवळजवळ वीस वर्षे आडबाजूला पडून राहावे, याची मला आजही खंत वाटते.

त्याच वर्षीचे ज्युनिअर मर्विन यांचा 'पोलीस अँड थीव्ह्ज' आणि बर्निंग स्पिअर यांचा 'ड्राय अँड हेवी' हेही जरूर ऐकावेत, मात्र ते या चार अल्बमांनंतर. आपण नव्याने सुरुवात करत असाल, तर आधी 'टू सेव्हन्स क्लॅश' घ्या, कारण तो पहिल्याच ऐकण्यात आपलासा होतो. 'हार्ट ऑफ द काँगोज'ला मात्र फोनच्या स्पीकरवर ऐकून जोखू नका. त्यातील बास आणि खर्ज तेथे पोहोचतच नाहीत. चांगले हेडफोन लावून तो सलग ऐका.