एक रुपयाच्या नाण्याची कड कापलेली आहे, दुसऱ्यावर सिंह उलटे उमटलेत. टांकसाळीची चूक की कुणाची करामत?

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण ते फोटोवरूनच कळतंय. तुम्ही लिहिलंय की 'आकडा आणि १९९७ साल आहे त्याच बाजूला सिंह खोलगट, उलटे दिसतात'. मग ते टांकसाळीतलं नाही.

उलट्या ठशाच्या खऱ्या नाण्याला आम्ही संग्राहक 'लाखी' म्हणतो. छापलेलं नाणं ठशाला (छापायच्या साच्याला) चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच दाबली जाते. त्यामुळे सिंहांच्या लाखीत एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठावदार, तर दुसऱ्या बाजूला तेच उलटे आणि खोल. आकड्याचा ठसा त्या चकतीला लागलेलाच नसतो, मग साल येणार कुठून? तुमच्या नाण्यावर दोन्ही आहे, म्हणजे कुणीतरी दोन नाणी बेंच वाइसमध्ये घालून आवळलीत. भिंगातून बघा, आकडा चपटा झालेला दिसेल.

कापलेल्या नाण्याबाबत मात्र आशा आहे. पट्टीतून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर थोडा चढला की अर्धचंद्रासारखा तुकडा जातो. त्या खाचेत दुसरं रुपयाचं नाणं टेकवून बघा, गोलाई जवळजवळ जुळली पाहिजे. मग खाचेच्या बरोबर समोरची कड बघा. छापण्याआधी चकती दाबत फिरवून तिची कड उठवतात. खाचेपाशी दाबायला धातूच नसतो, म्हणून समोरची कडही नीट उठत नाही. बहुतेक खऱ्या नाण्यांत ती तिथे पुसट दिसते. खाचेजवळची अक्षरंही खाचेकडे ओघळल्यासारखी विरत जातात. घासलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखं तुटतं.

हे मी फुकट शिकलेलो नाही. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एकाकडून असंच नाणं ४०० रुपयांना घेतलं. वजन केलं तर नेहमीच्या ४.८५ ग्रॅमपेक्षा कमी भरलं, म्हटलं चला, लॉटरी लागली! घरी भिंग लावलं तर खाचेत कानशीचे बारीक आडवे ओरखडे, आणि समोरची कड एकदम ठणठणीत. वजन काय, घासलं तरी कमीच भरणार की! ते नाणं अजून ठेवलंय, नवीन पोरांना दाखवायला.

बाकी थोडक्यात. उठावदार, वेडीवाकडी रेघ असेल तर ठशाला तडा गेलेला असतो, ती खरी चूक. खोल रेघ म्हणजे बहुतेक वेळा नंतरचा ओरखडा. आपल्या नाण्याची एक बाजू सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की दुसरीही सरळच यायला हवी. ती चांगलीच तिरकी आली तर ठसा फिरलेला. सालाखालची खूण टांकसाळीची असते: हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. ठिपका बघून 'एरर' म्हणणारे आमच्याकडे दर महिन्याला एक तरी येतात.

आणि हो, चिंच नाहीतर पितांबरी लावून घासू नका, खरं असलं तरी भाव पडेल. रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'लाखो देतो, आधी कमिशन भरा' असा फोन आला तर कट करा. बँक असले व्यवहार करत नाही, हे तिनेच २०२१ मध्ये जाहीर केलंय.

कापलेल्या नाण्याच्या समोरच्या कडेचा जवळून फोटो टाका, मग बोलू.