वाचक विचारतात: बाळाच्या तोंडातलं खेळणं

प्रश्न : अकरा महिन्यांची मुलगी प्लास्टिकचं मऊ बदक सतत चावते. घरात जुना रंगीत लाकडी भोवराही आहे. दोन्ही द्यावीत का?

उत्तर : आधी बदकावर आयएसआय चिन्ह पाहा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस ९८७३ हा खेळण्यांच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल, म्हणजे परवाना क्रमांक हवा. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून तपासा, कारण नुसतं चिन्ह कुणीही छापतो. पीव्हीसी हे प्लास्टिक मऊ करायला थॅलेट नावाचं रसायन घालतात. ते प्लास्टिकशी पक्कं जोडलेलं नसतं, त्यामुळे चावताना लाळेत उतरतं. चिन्ह नसेल, किंवा बदक चिकट झालं असेल, तर काढूनच टाका. उकळून उपयोग नाही.

भोवरा मात्र मुळीच देऊ नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम २०१७ पासूनचा; त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. पॉलिश पेपरने घासायला जाल तर शिशाची धूळ घरभर होईल. तिने टवके गिळले असतील तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांना आयएसआयची सक्ती नाही, म्हणून सावंतवाडीची खेळणी घेताना रंग कोणता, हे विचाराच.