ड्रोनचं ट्रेनिंग घेतेस तर हे ऐकून घे

पोरी, बचत गटातून तुझं नाव ड्रोन दीदीसाठी, म्हणजे बायांच्या गटाला फवारणीचा ड्रोन देणाऱ्या सरकारी योजनेसाठी, गेलं ना, मग भिऊ नको, दहावी पास आहेस, 18 वर्षं पूर्ण आहेत, तेवढ्यावर पायलटचं जमते. ट्रेनिंग 15 दिवसांचं, त्यातले 5 दिवस उडवायचे अन् 10 दिवस फवारणीचं काम, अन् हे मागचे 10 दिवस बाया हलक्यात घेतात बघ, खरं काम तिथंच आहे. औषधाचं प्रमाण, नोझल, वारा, सगळं तिथं विचारून घेजो, लाजू नको.

ड्रोनच्या किंमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख सरकार देते, उरलेल्या पैशाचं कर्ज गटाच्या नावानं निघते, म्हणून सह्या करण्याआधी हप्ता किती ते कागदावर मांडून घे.

मला पहिल्या सीजनला बॅटरीनंच रडवलं, एका चार्जिंगवर जास्त वेळ उडत नाही अन् आपल्याकडं शेतावर लाईटचा पत्ता नसते, म्हणून जादा बॅटऱ्या अन् जनरेटर लागतेच. कपाशीवर सकाळीच जाजो, दुपारी वारा सुटला की औषध शेजाऱ्याच्या तुरीवर, मग भांडण. विजेच्या तारा आधी पायी फिरून पाहून घे. मास्क घालजोच, "काहून घालतेस" म्हणणारे दवाखान्यात येत नाहीत. अन् उधारीवर एकरही मारू नको, भाऊजीच्या वावरात पण नाही!